स्वादुपिंडाचा तीव्र दाह: बहरीनमधून एक आढावा

पोटाच्या वरच्या भागात एकाएकी कळ उठते. अर्ध्या-पाऊण तासात ती शिगेला पोहोचते आणि आरपार पाठीत जाते. उताणे झोपवत नाही. पुढे वाकून गुडघे पोटाशी घेतले तर थोडा उतार पडतो. उलट्या होतात, पण उलटीनंतर मिळणारा नेहमीचा आराम मिळत नाही. घरात आधी ‘गॅस’ म्हणतात, मग ‘पित्त’ म्हणतात, ओवा चावला जातो, अँटासिडची बाटली निघते. आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला मुतखड्याचीही शंका येते, कारण तिथल्या उकाड्यात तो आजार सर्रास दिसतो. या सगळ्यांच्या आड लपणारा एक आजार म्हणजे स्वादुपिंडाचा तीव्र दाह, डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘ॲक्यूट पॅन्क्रिएटायटिस’. दहापैकी आठ रुग्ण आठवडाभरात बरे होऊन घरी जातात. उरलेल्या दोघांपैकी एखाद्याचा रुग्णालयातला मुक्काम महिन्यांवर जातो, आणि काही जण दगावतात.

हा आजार समजून घ्यायला बहरीन ही सोयीची जागा आहे. देश मुंबईपेक्षा थोडाच मोठा, लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास, त्यात निम्म्याहून अधिक परदेशी, आणि परदेशीयांत सर्वांत मोठा समुदाय भारतीयांचा. मनामातले सलमानिया वैद्यकीय संकुल, मुहर्रकच्या बाजूला बुसैतीनमधले किंग हमद विद्यापीठ रुग्णालय, रिफामधले संरक्षण दलाचे रुग्णालय ही तिथली मोठी सार्वजनिक रुग्णालये. अमेरिकन मिशन हॉस्पिटलची परंपरा तर १९०३ पर्यंत मागे जाते. एवढ्याशा बेटावर स्वादुपिंडदाहाची जवळजवळ सगळी कारणे एकत्र नांदतात: लठ्ठपणातून येणारे पित्ताशयाचे खडे, सिकल सेलमुळे होणारे खडे, मधुमेहासोबत वाढणारी रक्तातली चरबी, आणि शेजारच्या सौदी अरेबियात पूर्वापार बंदी असलेले, पण इथे कायद्याने मिळणारे मद्य.

गेल्या चार दशकांत या आजाराच्या उपचारात जे बदलले त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: डॉक्टर स्वादुपिंडाला कमी हात लावायला शिकले आणि कारणाला लवकर हात घालायला शिकले. पहिल्या शिकवणीमुळे मृत्यू घटले. दुसरी शिकवण मात्र अजूनही सगळीकडे अंगवळणी पडलेली नाही, आणि त्यात रुग्णाचा, त्याच्या घरच्यांचा वाटा मोठा आहे.

अवयव आणि बिघाड

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवे असते. लांबी साधारण पंधरा सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आत. त्याची कामे दोन: इन्सुलिनसारखी संप्रेरके रक्तात सोडणे आणि दररोज लिटर-दीड लिटर पाचकरस आतड्यात ओतणे. या रसातली प्रथिने पचवणारी विकरे मुद्दाम निष्क्रिय स्वरूपात तयार होतात आणि आतड्यात पोहोचल्यावरच जागी होतात. स्वादुपिंडदाहात ती ग्रंथीच्या पेशींतच जागी होतात. ट्रिप्सिन आधी सक्रिय होते, ते बाकीच्यांना सक्रिय करते, पेशी फुटतात, आजूबाजूची चरबी विरघळू लागते आणि शरीराची दाह-यंत्रणा पेटते. पुढचे नुकसान बहुतांशी या पेटलेल्या यंत्रणेचे असते. रक्तवाहिन्या गळू लागतात, रक्तातले पाणी पोटात आणि फुप्फुसांभोवती साचते, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडे थकतात.

बोस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८९ मध्ये या आजाराचे पहिले पद्धतशीर वर्णन केले. ग्रंथी स्वतःलाच पचवते ही कल्पना १८९६ मध्ये हान्स कियारी यांनी मांडली. १९०१ मध्ये बाल्टिमोरचे यूजीन ओपी यांना एका शवविच्छेदनात लहानसा खडा सापडला. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका जिथे एकत्र येऊन आतड्यात उघडतात, नेमका त्या तोंडाशी तो अडकला होता. पित्ताशयाचा खडा स्वादुपिंडाला कसा पेटवतो याचा पहिला ठोस पुरावा तो.

खडे: मोठे नव्हेत, लहान

जगभरात या आजाराचे पहिले कारण पित्ताशयातले खडेच आहे. साधारण चाळीस टक्के रुग्णांत तेच सापडतात. मोठा खडा पित्ताशयातच बसून राहतो. धोका तीन-चार मिलिमीटरच्या खड्यांचा आणि गाळाचा असतो, कारण ते नलिकेत उतरू शकतात. म्हणून ‘खडे बारीक आहेत, काळजी नको’ हा दिलासा स्वादुपिंडाच्या बाबतीत उलटा ठरतो.

बहरीनमध्ये कोलेस्टेरॉलच्या खड्यांना पोषक असे बरेच काही आहे. तिथे दर सहा-सात प्रौढांमागे एकाला मधुमेह आहे, लठ्ठपणाचे प्रमाणही मोठे. आखाती देशांत वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियाही पुष्कळ होतात, आणि झपाट्याने उतरणारे वजन स्वतःच खडे तयार करते: शरीरातली चरबी वितळते, पित्तात कोलेस्टेरॉल वाढते, आणि कमी खाल्ल्याने पित्ताशय पुरेसे आकुंचन पावत नाही. म्हणून अशा शस्त्रक्रियेनंतरचे काही महिने अनेक शल्यविशारद अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देतात. भूक कमी करणारी नवी इंजेक्शने घेणाऱ्यांतही पित्ताशयाच्या तक्रारी थोड्या वाढतात. त्यांच्या माहितीपत्रकात स्वादुपिंडदाहाची सूचना असते. तीव्र, न थांबणारी पोटदुखी झाली तर इंजेक्शन थांबवून तपासणी करायची, एवढे तरी घेणाऱ्याला ठाऊक हवे.

सिकल सेल: मनामा ते गडचिरोली

बहरीनचे खरे वेगळेपण दुसऱ्या प्रकारच्या खड्यांत आहे. सिकल सेल आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि वेळेआधी फुटतात. फुटलेल्या पेशींतले बिलिरुबिन पित्तात साचते आणि काळे रंगद्रव्य-खडे तयार होतात. हे खडे शाळकरी वयातही दिसतात आणि वय वाढेल तसे वाढत जातात. त्यामुळे पित्ताशयाचा आजार म्हणजे चाळिशीतल्या जाड बाईचा आजार, हा वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतला ठोकळा इथे चालत नाही. सडपातळ, सतरा-अठरा वर्षांच्या मुलालाही खड्यामुळे स्वादुपिंडदाह होऊ शकतो.

निदानात याची मोठी अडचण होते. सिकल सेलच्या रुग्णाला रक्तवाहिन्या तुंबून वेदनेचे झटके येतात आणि ते पोटातही येतात. तातडीच्या विभागात ओळखीचा रुग्ण आला की ‘नेहमीचा झटका’ म्हणून वेदनाशामक सुरू होते आणि लायपेज या स्वादुपिंडातल्या विकराची रक्ततपासणी राहून जाते. अशा रुग्णाने स्वतःहून ‘या वेळची कळ वेगळी आहे, पाठीत जाते आहे’ असे सांगितले तर ते ऐकले जावे, यासाठी तिथल्या डॉक्टरांनाही जागरूक राहावे लागते.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. पूर्व अरबस्तानात आणि भारतात आढळणारा सिकल सेलचा जनुक एकाच घडणीचा आहे. आनुवंशशास्त्रात त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. त्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते, म्हणून आफ्रिकेतल्या प्रकारांपेक्षा आजार बहुधा सौम्य असतो. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांत हाच आजार आदिवासी आणि इतर समाजांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सुरू केलेल्या सिकल सेल निर्मूलन मोहिमेत या भागांचाही समावेश आहे. म्हणजे सलमानियातल्या डॉक्टरने पोटदुखीच्या तरुणाबद्दल जे दोन प्रश्न विचारायचे, तेच गडचिरोलीच्या सामान्य रुग्णालयातल्या डॉक्टरने विचारायचे: सिकलची तपासणी झाली आहे का, आणि सोनोग्राफीत पित्ताशय कसे आहे?

मद्य, चरबी आणि विंचू

दुसरे मोठे कारण मद्य. एखाद्या रात्रीच्या पिण्याने आजार ओढवला असे वाटते, पण त्यामागे बहुधा वर्षे असतात. दिवसाला पन्नास ग्रॅम मद्यार्क, म्हणजे साठ मिलिलिटरचे सुमारे अडीच पेग, पाचेक वर्षे घेत राहिल्यास धोका स्पष्ट वाढतो. धूम्रपान त्यात भर घालते आणि स्वतंत्रपणेही धोका वाढवते. सिगारेटचा प्रश्न डॉक्टरने विचारला तर त्यात नवल मानू नये. आखातात एकट्याने राहणाऱ्या कामगाराच्या बाबतीत पिण्याचा प्रश्न दबून राहतो. नोकरी जाईल, घरी कळेल, या भीतीने तो ‘कधीतरी’ असे सांगतो. डॉक्टरला खरे प्रमाण सांगणे हा इथे उपचाराचा भाग आहे, कारण दारू लपली की कारणाचा शोध भलतीकडे जातो.

तिसरे कारण रक्तातले ट्रायग्लिसराइड. ते दर डेसिलिटरला १००० मिलिग्रॅमच्या वर गेले की धोका सुरू होतो. अहवाल मिलिमोलमध्ये असेल तर हा आकडा ११.३ असा दिसेल. भारतातले आणि आखातातले कागद शेजारी ठेवून वाचताना हे एकक आधी पाहावे. आटोक्याबाहेरचा मधुमेह, मद्य, काही औषधे आणि आनुवंशिक दोष यांमुळे ट्रायग्लिसराइड असे चढते. रक्त काढल्यावर त्याचा वरचा थर दुधाळ दिसला तर निदान जवळजवळ समोरच असते. गंमत अशी की या चरबीमुळे अमायलेज या स्वादुपिंडातल्या दुसऱ्या विकराची तपासणी खोटीच सामान्य येऊ शकते, आणि उपाशी राहून सलाइन घेतल्यावर दोन-तीन दिवसांत ट्रायग्लिसराइड उतरते. म्हणून ते पहिल्याच दिवशी मोजायला हवे.

बाकीची कारणे एकेकटी दुर्मीळ, एकत्र धरली तर लक्षात घेण्याजोगी आहेत. रक्तातले वाढलेले कॅल्शियम, अझाथायोप्रिन, व्हॅल्प्रोएट, एल-ॲस्परजिनेज यांसारखी औषधे, गालगुंडाचा विषाणू, पोटाला बसलेला मार, लहान मुलांत सायकलच्या हँडलचा, आणि पित्तनलिकेत दुर्बीण घालून केलेली ईआरसीपी ही प्रक्रिया. काश्मीरमध्ये पोटातले गोल जंत पित्तनलिकेत शिरून हा दाह करतात, हे श्रीनगरच्या डॉक्टरांनी सविस्तर दाखवले. वैद्यकाचे विद्यार्थी कारणांच्या यादीत विंचूही पाठ करतात. तो त्रिनिदाद बेटावरचा विंचू. त्याच्या दंशानंतर स्वादुपिंडदाह झालेले रुग्ण १९७० मध्ये नोंदवले गेले. कोकणातल्या लाल विंचवाचा घाला प्रामुख्याने हृदयावर आणि फुप्फुसांवर होतो. त्यावर प्राझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगापुढे आणला. काही कुटुंबांत आजार वारंवार, लहानपणापासून दिसतो. त्यामागचा ट्रिप्सिनोजेनचा जनुकदोष १९९६ मध्ये सापडला. भारतीय रुग्णांत स्पिंक-१ या जनुकाचे दोष अधिक दिसतात.

एवढे शोधूनही पंधरा-वीस टक्के रुग्णांत पहिल्या फेरीत कारण मिळत नाही. तेव्हा दाह ओसरल्यावर पुन्हा सोनोग्राफी, एमआरसीपी (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांचा एमआरआय) किंवा दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी करतात. पहिल्या वेळी न दिसलेले बारीक खडे किंवा गाळ त्यात अनेकदा सापडतो. चाळिशीनंतर कारण न सापडलेल्या रुग्णात स्वादुपिंडाची गाठ नाही ना, हेही पाहावे लागते.

निदान: तिनापैकी दोन

अटलांटा येथे १९९२ मध्ये ठरलेली आणि २०१२ मध्ये सुधारलेली व्याख्या आज जगभर वापरतात. तीन गोष्टींपैकी दोन हव्यात: या आजाराला शोभणारी वेदना, रक्तातले लायपेज किंवा अमायलेज सामान्य मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयवर दिसणारा दाह. यांत लायपेज अधिक भरवशाचे. ते जास्त दिवस चढलेले राहते, त्यामुळे दोन-तीन दिवस घरी काढून आलेल्या रुग्णातही सापडते. आकडा किती मोठा यावर आजाराची गंभीरता ठरत नाही. लायपेज ५००० आले म्हणून घाबरायचे आणि ६०० आले म्हणून निवांत व्हायचे, असे नसते. रोज पुन्हा मोजूनही फारसे काही हाती लागत नाही.

पहिल्या दिवशीच पित्ताशयाची सोनोग्राफी व्हायला हवी, कारण ती कारण सांगते. यकृताच्या तपासण्यांत पहिल्या दोन दिवसांत एएलटी १५०च्या वर असेल तर खड्याचा संशय बळावतो. सीटी मात्र घाईने करू नये. स्वादुपिंडाचा मृत झालेला भाग नीट दिसायला तीन-चार दिवस जावे लागतात. पहिल्या रात्रीचे सीटी बहुधा खर्चच वाढवते. निदान संशयास्पद असेल किंवा रुग्ण बिघडत असेल तर गोष्ट वेगळी.

संशयास्पद केव्हा? हृदयाच्या खालच्या भागाचा झटका याच जागी दुखतो, म्हणून ईसीजी आधी. फुटलेला अल्सर, आतड्यातली अडचण, आणि मधुमेहींत होणारा किटोॲसिडोसिस हे बाकीचे बहुरूपी. किटोॲसिडोसिसमध्ये पोट दुखते, उलट्या होतात आणि लायपेजही थोडे वाढते. शिवाय तो खऱ्या स्वादुपिंडदाहासोबतही येतो.

गंभीरता मोजण्यासाठी न्यूयॉर्कच्या जॉन रॅन्सन यांनी १९७४ मध्ये अकरा निकषांची यादी दिली. ती पूर्ण व्हायला ४८ तास लागतात. आजचे प्रश्न अधिक साधे आहेत. रुग्णाचा श्वास, नाडी, ताप ठीक आहेत का? रक्तातले युरिया चढते आहे की उतरते आहे? रक्त घट्ट होते आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणता अवयव ढेपाळला आहे का? अवयव ढेपाळला नाही आणि ग्रंथीभोवतीही काही साचले नाही तर आजार सौम्य. ढेपाळून ४८ तासांत सावरला, किंवा ग्रंथीभोवती पाणी-मृतभाग साचला, तर मध्यम. ४८ तासांनंतरही सावरला नाही तर गंभीर. या शेवटच्या गटात मृत्यूचे प्रमाण पाचातला एक ते तिनातला एक असे जाते.

उपचार: कमी करण्याची कला

स्वादुपिंडाचा दाह थेट थांबवणारे औषध आजही नाही. उपचार म्हणजे शरीराला आधार देत वादळ जाऊ देणे. या आधाराच्या प्रत्येक भागात ‘जास्त म्हणजे चांगले’ ही समजूत पुराव्याने मोडली.

सलाइनचे उदाहरण घ्या. पूर्वीचा सल्ला होता: भरपूर द्या, लवकर द्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वॉटरफॉल’ चाचणीत भारत, इटली, मेक्सिको आणि स्पेनमधले २४९ रुग्ण होते. जोरदार द्रव दिलेल्या गटात शरीरात पाणी साचण्याचे प्रमाण २०.५ टक्के, बेताने दिलेल्या गटात ६.३ टक्के, फायदा मात्र काहीच नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. बेताने म्हणजे रिंगर लॅक्टेट, तासाला दर किलोमागे दीड मिलिलिटर. साठ किलोच्या माणसाला तासाला नव्वद. पाणी खरेच कमी पडले असेल तर सुरुवातीला थोडे अधिक, आणि लघवी-नाडी पाहून दर काही तासांनी फेरविचार. बहरीनच्या उन्हाळ्यात बाहेर काम करून आलेला माणूस आधीच सुकलेला असतो, त्याला पहिला भरणा लागेल. सिकल सेलच्या रुग्णाला उलट जास्तीचे पाणी फुप्फुसात गेले तर छातीचा जीवघेणा झटका येऊ शकतो. एकाच वॉर्डात शेजारी झोपलेल्या या दोघांना एकच माप लावता येत नाही.

अन्नाचेही तसेच. ‘स्वादुपिंडाला विश्रांती’ म्हणून आठवडाभर तोंडाने काही न देण्याची रीत होती. उपाशी आतड्याचे अस्तर कमजोर होते आणि जंतू रक्तात शिरतात, हे पुढे कळले. आता उलट्या थांबल्या आणि भूक लागली की पहिल्याच दिवसापासून कमी तेलाचे मऊ अन्न देतात. लायपेज उतरण्याची किंवा पाण्यावरून पेजेवर जाण्याची वाट पाहत नाहीत. खाता येत नसेल तर नाकातून नळी. ती थेट लहान आतड्यातच हवी असा आग्रह होता, पण जठरात सोडलेली नळीही चालते हे दाखवणाऱ्या पहिल्या चाचण्यांत दिल्लीच्या एम्सची २००६ मधली चाचणी आहे. शिरेतून पोषण हा शेवटचा पर्याय. नातेवाइकांना ‘आजारी माणसाला खायला का देता?’ असे वाटते; त्यांना हे समजावणे नर्सच्या वाट्याला येते.

वेदना मात्र पूर्ण थांबवायची. मॉर्फिनसारख्या औषधांनी आजार बिघडतो ही जुनी भीती पुराव्यावर टिकलेली नाही.

प्रतिजैविके सावधगिरी म्हणून देत नाहीत. पहिल्या आठवड्यातला ताप बहुधा दाहाचा असतो. मृत भागात जंतुसंसर्ग झाल्याची खूण मिळाली किंवा पित्तनलिकेत पू झाला तरच त्यांची जागा. ‘निरुपद्रवी’ उपायही निरुपद्रवी नसतो, याचा धडा २००८ च्या डच चाचणीने दिला: गंभीर रुग्णांना चांगले जिवाणू म्हणून प्रोबायोटिक दिले, आणि त्या गटात मृत्यू १६ टक्के झाले, न दिलेल्या गटात ६ टक्के.

खडा नलिकेत असेल तर ईआरसीपी करून तो काढायचा का? ताप, कावीळ आणि नलिकेत संसर्ग असेल तर हो, चोवीस तासांच्या आत. संसर्ग नसेल तर तातडीची ईआरसीपी उपयोगी पडत नाही, हे २०२० च्या ‘एपेक’ चाचणीने दाखवले. बहुतेक खडे आपोआप आतड्यात उतरतात. ईआरसीपीने स्वतःच दाह होऊ नये म्हणून गुदमार्गे इंडोमेथॅसिनची एक मात्रा देतात. २०१२ च्या चाचणीत धोका जास्त असलेल्या रुग्णांत तिने हा दाह १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आणला. इतक्या स्वस्त औषधाचा इतका उपयोग या क्षेत्रात क्वचित दिसतो.

सर्वांत मोठा बदल मृत, संसर्ग झालेल्या भागाच्या शस्त्रक्रियेत झाला. पूर्वी पोट उघडून तो भाग काढत, पुन्हा-पुन्हा. डच डॉक्टरांच्या २०१० च्या ‘पँटर’ चाचणीत ८८ रुग्ण होते. एका गटात पोट उघडले. दुसऱ्यात आधी त्वचेतून नळी घातली, भागले नाही तरच लहान छेदातून सफाई. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू पहिल्या गटात ६९ टक्के, दुसऱ्यात ४० टक्के. दुसऱ्या गटातल्या एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांना नुसती नळी पुरली. पुढे जठराच्या भिंतीतून दुर्बिणीने निचरा करण्याची पद्धत आली. चार आठवडे थांबता आले तर मृत भागाभोवती भिंत तयार होते आणि काम सोपे होते. थांबणे इथे उपचार आहे, मात्र ते अशा रुग्णालयात, जिथे शल्यविशारद, पोटविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि अतिदक्षता विभाग एकत्र काम करतात. असे नसेल तर रुग्णाला लवकर हलवणे हाच शहाणपणा.

जिथे घाई हवी

स्वादुपिंडाबाबत धीर, कारणाबाबत मात्र घाई. २०१५ च्या ‘पाँचो’ चाचणीत खड्यांमुळे सौम्य दाह झालेल्या रुग्णांचे पित्ताशय त्याच मुक्कामात काढले, किंवा साधारण महिन्याभराने बोलावून काढले. थांबलेल्या गटात खड्यांचा पुन्हा त्रास होऊन दाखल व्हावे लागणारे किंवा दगावणारे १७ टक्के, त्याच मुक्कामात काढलेल्यांत ५ टक्के. ‘कळ थांबली, आता सुट्टीत मुंबईला जाऊन ऑपरेशन करू’ हा आखातातल्या मराठी घरांतला नेहमीचा बेत आहे. मायेची माणसे, ओळखीचा डॉक्टर, विम्याचा हिशेब, सगळी कारणे समजण्यासारखी आहेत. पण दुसरा झटका पहिल्यासारखा सौम्यच असेल याची हमी नाही, आणि विमानात तर तो येऊच नये. सौम्य आजारात त्याच मुक्कामात पित्ताशय काढण्याचा प्रश्न रुग्णानेच डॉक्टरांना विचारावा. गंभीर आजारात मात्र आजूबाजूचा दाह आणि साचलेले पाणी निवळेपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. सिकल सेलच्या रुग्णात शस्त्रक्रियेआधी रक्त देण्याचा विचार, थंडी आणि प्राणवायूची कमतरता टाळणे, यासाठी रक्तविकारतज्ज्ञ सोबत हवा.

मद्याचे कारण असेल तर मुक्कामातच समुपदेशन सुरू व्हावे; पुढच्या भेटींत ते पुन्हा झाले तर झटके कमी होतात. ट्रायग्लिसराइडचे कारण असेल तर गंभीर रुग्णात इन्सुलिन, क्वचित प्लाझ्मा बदलणे, आणि घरी गेल्यावर फिब्रेटच्या गोळ्या, मधुमेहाचा ताबा आणि तेल-साखरेवर लगाम. औषधाचा संशय असेल तर त्याचे नाव कागदावर ठळक हवे, नाहीतर दुसऱ्या देशातला डॉक्टर तेच पुन्हा लिहून देतो.

बरे झालेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला पुन्हा झटका येतो. दारू आणि सिगारेट चालू ठेवणाऱ्यांत हे अधिक. अनेकांत पुढच्या काही वर्षांत मधुमेह सुरू होतो, सौम्य आजारानंतरही. म्हणून वर्षातून एकदा साखर तपासावी. मोठा भाग गमावलेल्यांत अन्न पचेनासे होते. शौच तेलकट, तरंगणारे होते आणि वजन उतरते. जेवणासोबत विकरांच्या कॅप्सूल घेतल्या की हे सुधारते. त्यामुळे सुट्टीच्या कागदावर चार गोष्टी मागून घ्याव्यात: कारण कोणते ठरले, त्यावर काय केले किंवा केव्हा करायचे, पित्ताशय आणि ट्रायग्लिसराइडचे अहवाल, आणि पुढची तपासणी कधी. सीटी-एमआरआयच्या प्रतिमाही सोबत असाव्यात. बहरीनमध्ये अशी कळ उठली तर ९९९ वर फोन करावा आणि डॉक्टरला दाखवेपर्यंत काही खाऊ-पिऊ नये.

प्रतिबंध वॉर्डाबाहेर

या आजारावरचा बहरीनचा कदाचित सर्वांत दूरगामी उपाय स्वादुपिंडाचे नावही न घेता झाला. १९८०च्या दशकात तिथे जन्मणाऱ्या बाळांपैकी सुमारे दोन टक्क्यांना सिकल सेल आजार होता. १९९८ नंतर शाळकरी मुलांच्या तपासणीत सुमारे १४ टक्के मुले वाहक आढळली. शाळांतून जागृती, नवजात बालकांची तपासणी, आणि २००४ मध्ये लग्नापूर्वीची तपासणी सक्तीची करणारा कायदा, यांमुळे आजार घेऊन जन्मणाऱ्या बाळांचे प्रमाण एका टक्क्याच्या खाली आले. तपासणी सक्तीची, निर्णय मात्र जोडप्याचा. ज्या मुलाला सिकल सेल झालाच नाही, त्याच्या पित्ताशयात काळे खडे तयार होणार नाहीत आणि विसाव्या वर्षी स्वादुपिंड पेटणार नाही. या कायद्याचे पूर्ण फळ शल्यविभागांना अजून काही वर्षांनी दिसेल.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूने कोलेस्टेरॉलचे खडे आणि ट्रायग्लिसराइड वाढत आहेत, आणि त्यावर कायदा करता येत नाही. त्यात बहरीनी आणि परदेशी असा भेद नाही. वातानुकूलित कचेरीत दहा तास बसणारा, रात्री उशिरा जेवणारा मराठी अभियंताही त्याच रांगेत आहे. विदर्भातही एका बाजूला सिकल सेल आणि दुसऱ्या बाजूला शहरांतला वाढता मधुमेह असे हेच चित्र आकाराला येते आहे. बहरीनने पहिला प्रश्न आनुवंशिकतेच्या पातळीवर सोडवायला घेतला. दुसरा प्रश्न त्यांना आणि आपल्याला एकाच वेळी सोडवायचा आहे, आणि त्याची सुरुवात वर्षातून एकदा साखर आणि ट्रायग्लिसराइड तपासण्यापासून, वरच्या पोटात वारंवार दुखत असेल तर सोनोग्राफी करून घेण्यापासून होते.